हाकेला ओ

फोन उचलल्यावर मावशी "हॅलो" म्हणत नसत. "बॅकअप घेतलाय का?" असंच विचारायच्या. पलीकडचा माणूस दचकायचा, मग गप्प व्हायचा, आणि त्या गप्प होण्यावरूनच मावशींना कळायचं ते कळायचं. म्हणून तर सगळ्या दवाखान्यांत त्यांचं नाव बॅकअप मावशी पडलं होतं. नवीन लागलेल्या डॉक्टरांना तर वाटायचं की हे एखादं सरकारी पदच आहे.

काम म्हणाल तर सांगायला सोपं, करायला डोकेदुखी. शहरातल्या दवाखान्यांची सगळी माहिती एका मोठ्या डेटाबेसमध्ये असायची आणि तो सांभाळायचा मावशींनी. त्यात टेबलं. टेबलं म्हणजे बसायची नव्हेत, रकाने आखलेले तक्ते. एका टेबलात माणसं, दुसऱ्यात त्यांच्या तपासण्या, तिसऱ्यात औषधं. प्रत्येक माणसाला एक नंबर, आणि बाकीच्या टेबलांत जिथे जिथे तो नंबर दिसेल तिथलं सगळं त्या माणसाचं. एवढंच काय ते नातं. पण एवढ्याशा नात्यावर सगळा कारभार चालतो आणि एवढ्याशानेच तो बसतोही, असं मावशी म्हणायच्या.

प्रश्न मात्र रोज तेच. माणसं बदलायची, दवाखाने बदलायचे, प्रश्न काही बदलायचे नाहीत.

"मावशी, आज सिस्टिम अगदी रांगतेय हो."

"कोणीतरी सगळ्या वर्षांचा रिपोर्ट एकदम मागितला असणार. कोण तो उत्साही?"

"मावशी, सेव्हच होत नाहीये, नुसतं गोल गोल फिरतंय."

"तोच पेशंट दुसऱ्या कोणीतरी उघडून ठेवलाय आणि स्वारी जेवायला गेलीय. एकाने हातात धरलंय तोवर दुसऱ्याला लिहिता येत नाही. शोधून आणा त्याला, तोंडात घास असला तरी आणा."

"मावशी, ते... चुकून पुसलं गेलं."

"चुकून काही पुसलं जात नाही बरं का. ते आधी विचारतं, नक्की पुसू का? आणि तुम्ही हो म्हणता."

असं टोचून बोलायच्या, पण फोन कधी आपटायच्या नाहीत. बोलता बोलता पलीकडच्याचं काम होऊन गेलेलं असायचं. रोजचा बॅकअप होता ना. पुसलेलं कालच्या बॅकअपमधून उचलायचं, आणून जागेवर ठेवायचं, वर दोन शब्द सुनवायचे. जीभ तिखट, हात गोड, असं त्यांच्याबद्दल म्हणत. मावशींना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

त्या दिवशी सकाळी फोन आला तो आवाज केंद्रातून. तिथल्या रिसेप्शनवरच्या गृहस्थांचा.

या गृहस्थांना सगळे नीटनेटके म्हणत. आडनाव नव्हे हो, स्वभाव. यांच्या टेबलावरची पेनंसुद्धा एका रांगेत, टोपणं एकाच दिशेला. भिंतीवरचं घड्याळ तिरकं दिसलं तर हे खुर्चीवर चढायचे. आणि कॉम्प्युटरमध्ये एकाच माणसाची दोन वेळा नोंद दिसली की यांना दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

"बॅकअप घेतलाय का?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, आज ते विचारू नका. हात जोडतो, आज नका विचारू."

मावशींनी हातातला कप खाली ठेवला. माणूस रडकुंडीला आला होता.

आवाज केंद्राचं काम वेगळंच होतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार असतो, त्यांनी ऑपरेशनच्या आधी तिथे जायचं. एका बंद खोलीत बसून ठरलेली वाक्यं वाचायची. पाणी हवंय. दुखतंय. दार लाव. आत ये. झोप आता. ते सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं. मग जखम भरली, ताकद आली, की त्या माणसाला हातात मावेल एवढं एक बोलकं यंत्र मिळायचं. बटण दाबलं की ते त्याच माणसाच्या आवाजात बोलायचं. ज्याचा आवाज ठेवलेला नसेल, त्याच्यासाठी यंत्र स्वतःच्या आवाजात बोलायचं, तो आवाज म्हणजे डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा.

"एक मास्तर आलेत," नीटनेटके सांगू लागले. "पोहायला शिकवायचे. ऑपरेशन होऊन चांगले तीन-चार महिने झाले. आज यंत्र मिळणार म्हणून बायकोला घेऊन आलेत. यंत्रवाला इंजिनिअर दुपारी येतोय, तो आज गेला की पुन्हा पावसाळा संपल्यावरच उगवणार. आणि मास्तरांच्या नावावर, मावशी, एकही रेकॉर्डिंग नाही."

"केलं होतं ना पण?"

"केलं होतं. त्यांची बायको बाहेर बाकावर बसली होती तेव्हा." नीटनेटके थांबले. "मावशी, त्यांची नोंद दोनदा झाली होती. पहिली रेकॉर्डिंगच्या वेळची, त्यात पत्तासुद्धा धड नव्हता. दुसरी ऑपरेशननंतरची, ती एकदम व्यवस्थित. मी... मी पहिली पुसली."

"आणि रेकॉर्डिंग पहिलीवर होतं."

"हो."

मावशी खुर्चीत मागे टेकल्या. खरं तर असं होऊच नये. माणसाच्या नंबरावर काही लटकलेलं असेल तर त्याला पुसू द्यायचंच नाही, असा पहारा दोन टेबलांच्या मध्ये बसवता येतो. बाकी सगळीकडे तो बसवलेला होता. आवाज केंद्राचा प्रोग्रॅम मात्र मागाहून, घाईघाईत, बाहेरून करून घेतलेला. तिथे पहारा बसवायचा राहूनच गेला होता. मावशींनी दोनदा वर कळवलं होतं, वरचे दोनदा "बघू" म्हणाले होते. वरच्यांचं बघणं तुम्हाला माहीतच आहे.

"कधी पुसलीत?"

"ऑपरेशन झाल्या झाल्या. त्याच आठवड्यात."

मावशींनी बोटांवर दिवस मोजले. बॅकअप महिनाभराचे ठेवायचे, जागा पुरत नाही म्हणून त्याआधीचे काढून टाकायचे, हा नियम होता. कोणी काय केलं त्याचा लॉगही तेवढ्याच दिवसांचा. म्हणजे हातात होते तितके सगळे बॅकअप मास्तरांना पुसल्यानंतरचेच होते. आयुष्यभर जगाला बॅकअप विचारत हिंडणाऱ्या बाईकडे नेमका हाच बॅकअप नव्हता. मावशींना त्याचं फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्यांना राग यायचा.

"तुमच्या त्या नीटनेटकेपणाला काय ओवाळू आता? एवढीच खाज असेल तर घरचं कपाट लावत जा की!"

"लावतो मावशी, तेही लावतो," नीटनेटके म्हणाले, आणि हुंदका आला तो त्यांनी खोकला करून लपवला.

मावशींचा राग तिथेच बसला. "रडू नका. येते मी."

आता मावशी कधी जागा सोडून कुठे गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. फोनवरून सगळं जग हलवायच्या. त्यांनी लॅपटॉप पिशवीत टाकला, शेजारच्या मुलीला "कोणी विचारलं तर सांग, आधी जेवायला गेलेला माणूस शोधा," असं सांगितलं आणि दोन गल्ल्या ओलांडून आवाज केंद्र गाठलं.

मास्तर बाकावर ताठ बसले होते. खांदे अजून पोहणाऱ्याचे, मान मात्र बारीक झालेली, गळ्याशी मऊ रुमाल. श्वास आता गळ्याच्या भोकातून, त्याचा हलका फुसफुस आवाज येत होता. मांडीवर लहान मुलांची असते तशी पांढरी पाटी आणि स्केचपेन. शेजारी त्यांची बायको. मास्तरांची बायको म्हणून सगळे तिला मास्तरीणबाईच म्हणायचे, स्वतः ती कधी कोणाला काही शिकवायला गेली नव्हती. तिच्या मांडीवर यंत्र ठेवायची रिकामी, नवीकोरी पिशवी होती. घरून शिवून आणलेली, नाडी लावून.

मावशींची नजर त्या पिशवीवरच गेली.

"सापडेल ना हो?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "घरात इतकी शांतता झालीय की मी टीव्ही नुसता लावून ठेवते. यांना लिहायचा कंटाळा, मला चष्मा लावायचा. आजपासून बोलतील म्हणून मी..." पुढचं त्यांनी गिळलं.

मास्तरांनी पाटीवर लिहिलं आणि मावशींपुढे धरलं. 'यंत्राचा आवाज चालेल. हिला उगीच हौस.'

"तुम्ही गप्प बसा," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांचा त्यांनाच चेहरा कसनुसा झाला. मास्तरांना मात्र हसू फुटलं. खांदे हलले, आवाज काही नाही.

मावशी रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन बसल्या. भिंतींना स्पंज, मधे एक टेबल, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. लॅपटॉप लावून त्यांनी पहिला प्रश्न टाकला तो डेटाबेसलाच: असे आवाज दाखव, ज्यांच्यावरच्या नंबराचा माणूसच आता माणसांच्या टेबलात नाही. त्यांच्या धंद्यात अशा ओळींना अनाथ म्हणतात. माय-बाप पुसला गेला, पोरं तशीच टेबलात बसून राहिली.

"आहेत," मावशी म्हणाल्या. "आवाज कुठे गेले नाहीत. नुसते कोणाचे ते माहीत नाही."

दारात उभ्या असलेल्या नीटनेटक्यांनी भिंतीला हात टेकला. "म्हणजे मिळाले!"

"हर्षवायू होऊ देऊ नका. दहा-बारा नंबर आहेत असे. तुम्ही आजवर आणखी किती जणांना नीट केलंत ते दिसतंय इथे."

नीटनेटक्यांचं तोंड पुन्हा पडलं. त्यांना तारीख सुचली: मास्तर ज्या दिवशी आले त्या दिवसाचं रेकॉर्डिंग शोधा. मावशींनी आधीच बघितलं होतं. मध्यंतरी सगळं नव्या मशीनवर हलवलं, तेव्हा प्रत्येक आवाजावर हलवल्याचीच तारीख बसली. नाव तर रेकॉर्डिंगमध्ये घ्यायचंच नाही असा केंद्राचा नियम. आणि जी बाई तेव्हा रेकॉर्डिंग करायची ती नोकरी सोडून परगावी गेलेली. सगळ्या वाटा बघून झाल्यावर एकच उरली. ऐकायचं.

"मास्तरीणबाई, तुम्ही इथे समोर बसा. मास्तर, तुम्हीही. आता मी एकेकाचं 'पाणी हवंय' लावते. ओळखायचं. पण नीट हं. चुकीचा नंबर जोडला तर दुसऱ्याचा नवरा तुमच्या घरात पाणी मागेल."

"एकाचंच पुरे झालंय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

सुरुवातीला त्यांना वाटलं होतं, यात काय मोठंसं? उभा जन्म ज्याचं ऐकलं त्याचा आवाज ओळखायला काय लागतं? बायकांचे आवाज मावशींनी बाजूला काढले. उरलेल्यांतलं पहिलं 'पाणी हवंय' वाजलं, दुसरं वाजलं, तिसरं वाजलं, आणि मास्तरीणबाईंचा चेहरा उतरत गेला. सगळेच घशाचे पेशंट. सगळ्यांचे आवाज आजाराने घोगरे झालेले. सगळे घाबरलेले. आणि सगळ्यांनी कागद समोर धरून, जपून, शाळेत धडा वाचावा तसं वाचलेलं. घरात कोणी 'मला पाणी हवंय' असं म्हणतं का हो? घरात नुसतं 'पाणी' म्हणतात, किंवा तेही नाही, भांडं वाजवतात.

मास्तरांनी चौथ्या आवाजाला पाटी वर केली. 'हा मी.'

चौथा आवाज भारदस्त होता. खर्जातला, निवडणुकीच्या सभेत शोभणारा.

"हा?" मास्तरीणबाई उडाल्याच. "हा तुम्ही? आरशात बघितलंयत का कधी?"

'मीच. असाच बोलायचो.'

"तुम्हाला काय माहीत तुम्ही कसे बोलायचात? तुम्ही बोलत होतात, ऐकत मी होते!"

मावशींनी हसू दाबलं. पण ते खरं होतं. आपला आवाज आपल्याला आतून, हाडांतून ऐकू येतो. आपल्याला वाटतो तसा तो जगात कोणालाच ऐकू येत नाही. मास्तर मनापासून सांगत होते आणि मनापासून चुकत होते.

"मग तुम्ही सांगा, कुठला?" मावशींनी विचारलं.

मास्तरीणबाईंनी सहावा पुन्हा लावायला सांगितला. मग नववा. मग पुन्हा सहावा. 'दार लाव' ऐकलं, 'झोप आता' ऐकलं. फोनमध्ये जुने व्हिडिओ आहेत का म्हणून बघून झालं. सगळ्या व्हिडिओंत मास्तर एक तर कॅमेऱ्यामागे, नाहीतर तलावाच्या काठावर शिट्टी तोंडात धरून. शिट्टीचा आवाज तेवढा स्वच्छ होता.

"सहावा असेल," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "नाहीतर नववा."

मावशींनी दोन्ही पुन्हा एकदा लावले.

"नाही ओळखता येत हो मला." आणि मग त्या रडल्याच, तोंडाला पदर न लावता, सरळ. "एवढा संसार केला. हे बोलत असायचे आणि मी कामात, हं हं करायची. कधी नीट कान देऊन ऐकलंच नाही मी. आता ऐकायला बसलेय तर कोणता यांचा तेच कळत नाही. काय बाई आहे मी!"

मास्तरांनी पाटी बाजूला ठेवली. तिचा हात हातात घेतला आणि थोपटत राहिले. मघाशी यंत्राचा आवाज चालेल म्हणणाऱ्या माणसाचे डोळे भरले होते, म्हणजे हौस एकटीची नव्हती. मावशींना दोघांची फार माया आली. आणि स्वतःची चीडही. डेटाबेसला पाहिजे ते विचारा, तो सेकंदात सांगतो. पण विचारायचं काय तेच सुचत नसेल तर तो दगड आहे.

नीटनेटके खालमानेने उभे होते. "काकू, काका, माझी चूक आहे. मी पुसलं."

"जाऊ दे हो," मास्तरीणबाईंनी नाक पुसलं. "तुम्ही घर आवरायला गेलात. माझ्याकडूनही कामाचे कागद रद्दीत गेलेत." त्या उठल्या. "यांच्या घशाला कोरड पडली असेल. बाटली भरून घेते."

त्या कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेल्या. पाठ खोलीकडे. नीटनेटके धावत मदतीला गेले, मग दोघांचं सुरू झालं. गार नको, साधं घाला, गार पाण्याने यांना खोकला येतो, नाही नाही, काठोकाठ नको.

इकडे मावशी स्क्रीनकडे बघत बसल्या होत्या. आवाजांच्या टेबलाला आणखी एक टेबल बांधलेलं होतं, वाक्यांचं. कोणत्या आवाजात कोणतं वाक्य, ते त्यावरून कळायचं. त्या यादीवरून त्यांची नजर सहज खाली गेली. पाणी, औषध, दार, झोप, दुखतंय. सगळ्यात शेवटी, बहुतेक कोणीतरी मागाहून घातलेलं: 'घरच्यांना हाक. आपण जशी मारतो तशी.'

याला वाचायला कागद नव्हता.

मावशींनी प्रश्न पुन्हा लिहिला. अनाथांपैकी मघाशी वेगळे काढलेले पुरुष, आणि त्यांचं फक्त हे एकच वाक्य. उत्तर आलं, ओळींचा क्रम मात्र मघापेक्षा वेगळा. मास्तरीणबाईंना नंतर सांगू, आधी आपण ऐकून बघू काय आहे ते, म्हणून त्यांनी पहिलं लावलं. स्पीकर चालूच होता.

"ए बाळा!" कोणीतरी म्हणालं.

पुढचं लावलं. "अगं ए." थकलेला, खोल आवाज. पिंपापाशी मास्तरीणबाई नीटनेटक्यांना बाटलीचं झाकण कसं फिरवायचं ते सांगत होत्या.

पुढचं. "सूनबाई, ऐकलंत का?"

पुढचं. "अगं?"

एवढंच. साधं, जरा वर उचललेलं, जरा घाईतलं. आतल्या खोलीतून बाहेर मारावं तसं.

"आले हो, आले! पाणी भरतेय ना!" मास्तरीणबाई पाठमोऱ्याच वैतागून म्हणाल्या. "दोन मिनिटं दम म्हणून काही..."

आणि त्या थांबल्या.

नीटनेटके बाटली धरून तसेच उभे राहिले. पाणी बाटलीतून वर आलं, त्यांच्या हातावरून, बाहीवरून खाली फरशीवर सांडत राहिलं. त्या माणसाच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच काही सांडलं असेल, आणि त्यांनी नळ बंद केला नाही.

मास्तरीणबाई हळूच वळल्या. मास्तरांकडे बघितलं. मास्तरांचं तोंड मिटलेलं होतं.

"कोणी हाक मारली?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मावशींनी बोटाने स्पीकर दाखवला. मग म्हणाल्या, "मास्तरांनीच मारली असं दिसतंय."

नंबर बघितला तर ना सहावा, ना नववा, ना मास्तरांचा तो सभेतला चौथा. वेगळाच. 'पाणी हवंय' ऐकताना दोघांनीही ज्याला लगेच नाही म्हटलं होतं, तो. मावशींनी त्या नंबरावरची बाकीची वाक्यं एकामागून एक लावली. आता मास्तरीणबाई प्रत्येकाला मान हलवत होत्या. 'झोप आता'ला त्या हसल्या. "हे बघा, असेच म्हणायचे. म्हणजे मी झोपायचं आणि यांनी जागं राहायचं, क्रिकेट बघत!"

मास्तर मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. इतका बारीक? इतका साधा? त्यांना पटत नव्हतं ते चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"मास्तर, मी जोडायला घेते," मावशी म्हणाल्या. "जोडलेलं मी लगेच पक्कं करत नाही, आधी तुम्हाला विचारते. तुम्ही नाही म्हणालात तर होतं तसं मागे फिरवीन. तुमचा आवाज आहे, शेवटचं हो तुमचं."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. पदराने डोळे पुसत ती त्या स्पीकरकडे अशी बघत होती की स्पीकरलाही लाजल्यासारखं व्हावं. मास्तरांनी पाटी घेतली. लिहायला वेळ लावला. मग मावशींपुढे धरली.

'मला ओळखू येत नाही. पण तिने ओ दिली. म्हणजे मीच.'

मावशींनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अनाथ नंबराच्या जागी मास्तरांचा नंबर लिहिला, किती ओळी बदलल्या ते दोनदा मोजलं, आणि पक्कं केलं.

"बाकीच्या नंबरांचं काय?" नीटनेटक्यांनी ओली बाही पिळत विचारलं.

"त्यांच्या घरच्यांना बोलवायचं. एकेकाला. तुम्ही बोलवायचं आणि इथे बसवून ऐकवायचं. आणि तो पहारा मी आज बसवते, वरच्यांनी बघू म्हटलं तरी. तोवर कोणालाही पुसायचं नाही."

"पुसत नाही मावशी. चार-चारदा नोंद दिसली तरी पुसत नाही."

दुपारी इंजिनिअर आला, त्याने यंत्रात आवाज भरले, कोणतं बटण कशाचं ते समजावलं, कागदावर सही घेतली आणि घाईत निघूनही गेला. मावशींनाही निघायला हवं होतं. त्यांच्या खिशात फोन सारखा थरथरत होता, कुठेतरी कोणीतरी गोल गोल फिरणाऱ्या चक्रासमोर बसलं असणार. पण त्या दारातच रेंगाळल्या.

मास्तर बाकावर बसले होते, यंत्र दोन्ही हातांत धरून. मास्तरीणबाई अगदी त्यांना लागून, खांद्याला खांदा. मास्तरांनी बटणांवरून बोट फिरवलं. पाणी नको, औषध नको, दार नको. बोट शेवटच्या बटणावर थांबलं. ते बायको बघत होती. बोट दाबलेलंही तिने बघितलं.

"अगं?" यंत्र म्हणालं.

"काय हो?" ती म्हणाली. शेजारीच बसून म्हणाली.

मास्तर गोंधळले. पुढे काय सांगायचं ते त्यांनी ठरवलेलंच नव्हतं. यंत्रात शोधलं, हवं ते वाक्य तिथे नव्हतं. मग त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'काही नाही. सहज.'

मास्तरीणबाईंनी चष्मा न लावताच ते वाचलं. "मारा हो हाक," त्या म्हणाल्या. "खुशाल मारा सहज."